भावी गुप्तहेराची युद्धकाळातील रोजनिशी हाती आली तर

गिरगाव, दादर, लालबाग या भागांतील जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, की माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांतून लग्नाच्या आहेराच्या याद्या, भाड्याच्या पावत्या व जुन्या वह्या बाहेर पडतात. अशा वह्यांत कधी 1941 ते 1943 या काळातील एखादी रोजनिशी सापडते. तिच्या लेखकाने किंवा लेखिकेने पुढे “काहीतरी गुप्त काम” केले, एवढेच घरातल्यांना ऐकून ठाऊक असते. हे काम भूमिगत काँग्रेस रेडिओचे असू शकते, लष्करी गुप्तवार्ता विभागाचे असू शकते किंवा स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या ब्रिटिशांच्या युद्धकालीन गुप्त कारवायांच्या संस्थेच्या त्या पूर्वेकडील शाखेचे असू शकते, जी पुढे फोर्स 136 या नावाने ओळखली गेली. अशी वही कशी हाताळावी, कशी उतरवून घ्यावी आणि तिच्यातून काय काढावे व काय काढू नये, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्यक्ष हेरगिरीच्या काळातील रोजनिशी सहसा मिळत नाही, आणि ती मिळत नाही याला कारण आहे. नूर इनायत खान या याच ब्रिटिश संस्थेच्या वायरलेस ऑपरेटर म्हणून जून 1943 मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये गेल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पकडल्या गेल्या. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती त्यांनी एका वहीत जपून ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या आधारे त्यांनी नूर यांच्या नावाने लंडनशी खोटे संदेशवहन चालू ठेवले. म्हणून जाणता हेर लिहीत नाही. जे लिहिलेले उरते ते बहुधा आधीचे असते, म्हणजे ज्या माणसाला आपण पुढे कोण होणार आहोत याची कल्पना नव्हती त्याचे. वहीचे मोल त्या अजाणतेपणात आहे, आणि घाईने वाचणारा नेमके तेच गमावतो.

वही सापडली ती जुलै-ऑगस्टमध्ये असेल, तर ती लगेच उघडण्याचा मोह आवरावा. मुंबईच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि बळाने सोडवताना अक्षरांसकट सोलून निघतात. वही पंख्याखाली किंवा उन्हात वाळवू नये. कोरड्या खोलीत, स्वच्छ सुती कापडावर आडवी ठेवून ती आपोआप सुकू द्यावी. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हातमोज्यांची गरज नाही, उलट त्यांमुळे ठिसूळ पानाची कड बोटांना जाणवत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. टाचणीच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून मग ती हलकेच सोडवावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आमच्याच घरातील एक पत्र कोणीतरी हौसेने कोपऱ्यावरच्या दुकानातून लॅमिनेट करून आणले. आज त्यातील शाई तपकिरी डागासारखी पसरली आहे आणि प्लॅस्टिक काढण्याचा उपाय कोणाजवळ नाही.

त्या काळी कॉपिंग पेन्सिलही सर्रास वापरली जाई. तिचे अक्षर करडे दिसते, पण ओलावा लागताच जांभळे होऊन पसरते. म्हणून करड्या अक्षराच्या पानावर ओले बोट टेकवू नये, आणि पान उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे दूर बसवावे.

छायाचित्रे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावीत. प्रत्येक पानाचे चित्र घ्यावे, कोऱ्या पानांचेही. वहीत पान फाडल्याची खूण दिसली तर त्यापुढील पानावर एका कडेने तिरपा उजेड टाकून आणखी एक चित्र घ्यावे. पेन्सिल दाबून लिहिणाऱ्याच्या अक्षरांचे वळ खालच्या पानावर उमटलेले असतात आणि तिरप्या उजेडात त्यांतील काही शब्द वाचता येतात. त्यावर पेन्सिल घासून पाहण्याची युक्ती रहस्यकथांत शोभते. खऱ्या कागदावर ती करू नये.

यानंतर उतरवणे. रोजनिशी मोडीत असेल तर जाणकार गाठावा, कारण मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि एकेका व्यक्तीचे वळण समजायलाच आठवडे जातात. देवनागरीत असेल तर जसे आहे तसेच उतरवावे. “कांहीं”, “नाहीं”, “घरांत” असे अनुस्वार दिसतील; 1962 च्या लेखननियमांपूर्वीची ती पद्धत आहे. तिला आजच्या शुद्धलेखनात बसवू नये, कारण एखाद्या पानावर अनुस्वार अचानक गळू लागले, तर लिहिणाऱ्याची घाई, आजार किंवा दुसऱ्याचा हात यांपैकी काहीतरी त्यातून कळते. न वाचता आलेला शब्द चौकटी कंसात “अवाचनीय” असे लिहून सोडावा. अंदाजाने भरलेला शब्द दोन महिन्यांनी आपल्यालाच मूळचा वाटू लागतो.

सर्वांत अधिक वेळ दिनांकांना द्यावा लागतो, आणि माझ्या मते तो द्यावाच. घरगुती रोजनिशीत पुष्कळदा तिथी असते. शके 1864 म्हणजे 1942 च्या गुढीपाडव्यापासून पुढचे वर्ष. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात 78 मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे मे-जूनमधील नोंदी वाचताना ज्येष्ठ अधिक की निज हे पाहावेच लागते, नाहीतर पूर्ण महिन्याची चूक होते. गवालिया टँकवर “छोडो भारत”चा ठराव झाला तो शनिवार, 8 ऑगस्ट 1942 आपल्याकडे आषाढ वद्यात येतो. उत्तरेकडील पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवणाऱ्या, पंचांगात तोच दिवस श्रावणात मोडतो. लिहिणाऱ्याचा मित्र उत्तरेकडचा असेल आणि त्याचे पत्र रोजनिशीत उतरवलेले असेल, तर हा फरक उपयोगी पडतो.

वेळेची भानगड याहून मोठी आहे. मुंबईत तेव्हा “मुंबई टाइम” प्रचारात होता आणि तो प्रमाण वेळेच्या 39 मिनिटे मागे असे. शिवाय 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत युद्धासाठी प्रमाण वेळच एक तास पुढे नेली होती. म्हणजे “साडेसहाला बोरीबंदरवर भेटलो” या नोंदीतील साडेसहा कोणते, हे ठरवल्याशिवाय ती नोंद आगगाडीच्या वेळापत्रकाशी किंवा पोलिसांच्या कागदपत्रांशी जुळवता येत नाही, आणि चुकीच्या घड्याळाने वाचल्यास दीड तासाहून अधिक फरक पडू शकतो. ज्या घटनेची वेळ बाहेरून ठाऊक आहे अशी एक नोंद शोधावी आणि तिच्यावरून लेखक कोणते घड्याळ पाळत होता हे ठरवावे. रोजनिशी 1944 पर्यंत गेली असेल, तर 14 एप्रिलची नोंद सर्वप्रथम काढावी. त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजावर, सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन स्फोट झाले. पहिला चारनंतर थोड्याच मिनिटांत. तो आवाज ऐकणाऱ्याने वेळ लिहिली नसेल, असे सहसा होत नाही.

खर्चाचे आकडे मात्र सोपे आहेत: रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. ट्रामचे आणि लोकलचे खर्च वेगळे काढून ठेवावेत, ते पुढे लागतील.

आता वाचन. हाना सेनेश या हंगेरियन ज्यू तरुणीचे उदाहरण येथे फार शिकवणारे आहे. तिने 1934 मध्ये, तेराव्या वर्षी, बुडापेस्टमध्ये रोजनिशी सुरू केली. 1939 मध्ये ती पॅलेस्टाइनला गेली, शेतीचे शिक्षण घेतले, आणि पुढे तिचे लेखन हंगेरियनमधून हिब्रूत गेले. जानेवारी 1943 मध्ये, हंगेरीत परत जावे असा विचार अचानक मनात आल्याचे तिने लिहिले; काही आठवड्यांनी तशाच योजनेची माहिती घेऊन एक माणूस तिच्या वसाहतीत आला, तेव्हा तो योगायोग पाहून ती चकित झाली. मार्च 1944 मध्ये ब्रिटिशांनी तिला पॅराशूटने युगोस्लाव्हियात उतरवले, जूनमध्ये सीमा ओलांडताच ती पकडली गेली आणि 7 नोव्हेंबर 1944 रोजी बुडापेस्टमध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्या. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला तिच्या शाळकरी पानांतही हौतात्म्याची चाहूल दिसू लागते. पण त्या पानांतील मुलगी परीक्षांची, मैत्रिणींची आणि आपल्याला लिहिता येईल का याची काळजी करत होती. निर्णयाची नोंद जानेवारी 1943 ची आहे, तिच्या आधीच्या नऊ वर्षांची नव्हे.

हाच नियम आपल्या घरच्या वहीला लावावा. पहिले वाचन सलग आणि शेवट विसरून करावे. दुसऱ्या वाचनात बदल टिपावेत: नावांच्या जागी आद्याक्षरे केव्हा येऊ लागली, भाषा केव्हा बदलली, प्रवासखर्च केव्हा वाढला, नोंदी केव्हा आखूड झाल्या. मात्र अशा प्रत्येक बदलासाठी आधी साधे कारण शोधावे. युद्धात कागदाची टंचाई होती, म्हणून अक्षर बारीक होते. मे 1943 पासून मुंबईत रेशनिंग आले, म्हणून रांगेतच दिवस जाई. विषमज्वर, लग्न, बाळंतपण यांमुळे महिनेच्या महिने वही बंद राहते. आजोबा हेर होते हे ऐकून वाढलेल्या नातवाला प्रत्येक रिकामे पान सांकेतिक वाटते. बहुतेक रिकाम्या पानांचा अर्थ इतकाच असतो की त्या दिवशी कंटाळा आला होता.

साधी कारणे संपल्यावर जे उरेल ते बाहेरच्या कागदांशी ताडावे. काँग्रेस रेडिओचा संबंध असेल, तर उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ऑगस्ट 1942 पासून 12 नोव्हेंबर 1942 रोजी अटक होईपर्यंत, 42.34 मीटर तरंगलांबीवर, जागा बदलत प्रक्षेपण करत होते, हा काळ हाताशी ठेवावा; त्या तीन महिन्यांतील संध्याकाळच्या नोंदी आणि ट्रामचा खर्च एकमेकांशेजारी मांडून पाहावेत. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात सरकारी कागद आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या काळची नियतकालिके पाहता येतात. ब्रिटिश संस्थेचा संशय असेल, तर लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील एचएस 9 या मालिकेत व्यक्तिगत फाइली आहेत. मृत्यूचा पुरावा न दिल्यास त्या जन्मापासून शंभर वर्षे बंद राहतात, तेव्हा मृत्यूचा दाखला आधी शोधून ठेवावा. जागांची नावे जुळवतानाही सावध राहावे: हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, आणि गवालिया टँक म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदान.

प्रत्येक निष्कर्षापुढे तो वहीत लिहिलेला आहे, बाहेरून सिद्ध झाला आहे की आपला तर्क आहे, हे तीन वेगळ्या रंगांत लिहावे. तर्काचा रंग फार दिसू लागला तर थांबावे.

छापण्याचा विचार असेल तर वही ज्याच्या कपाटात आहे तोच हक्कदार असे समजू नये. लेखनाचा स्वामित्वहक्क वारसांकडे जातो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाला प्रकाशनानंतर साठ वर्षे संरक्षण असते. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. वहीत ज्यांची नावे फितूर किंवा खबऱ्या म्हणून आली आहेत, त्यांची नातवंडे कदाचित पुढच्याच गल्लीत राहत असतील. दुसरा पुरावा नसेल तर ती नावे झाकावीत.

मूळ वही डांबरगोळ्यांसह ट्रंकेत परत टाकू नये. आम्लविरहित कागदात आणि वर धुवट मलमलीच्या रुमालात ती सैल बांधावी, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात आडवी ठेवावी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास रुमाल सोडून कसर लागली आहे का ते पाहावे.