ऑड नेर्ड्रुम यांच्या चार रंगांनी त्वचा रंगवताना

नॉर्वेचे चित्रकार ऑड नेर्ड्रुम (जन्म १९४४) यांच्या चित्रांतली त्वचा मोजक्या रंगांतून उभी राहते: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल, काळा. निळ्याची गरजच पडत नाही! काळ्या-पांढऱ्याची राखाडी छटा लालसर रंगाशेजारी लावा, डोळ्याला ती निळीच भासते. ऑकरमध्ये किंचित काळा घातला की शेवाळी हिरवा मिळतो. काळा सुरीच्या टोकावर मावेल इतकाच घ्या, नाहीतर सावल्या मळकट होतात.

माध्यमाचे, म्हणजे तैलरंगात मिसळायच्या द्रवाचे, प्रयोग मात्र जपून. १९८० च्या दशकात त्यांनी वापरलेल्या मिश्रणामुळे काही चित्रांचा रंग उष्णतेने ओघळला. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा जवसाच्या तेलाचा ठेवा. उलटं केलं तर भेगा पडतात.