डर्ट बाइक तापते, कूलंट गायब होतं? हेड खोलण्याआधी या चुका टाळा

पाणी (म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव) गेलं म्हणून इंजिन तापलं, की इंजिन तापलं म्हणून पाणी गेलं? हे न ठरवता पाना हातात घेतला की एकतर रेडिएटरची चांगली कॅप कचऱ्यात जाते, नाहीतर चांगलं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उगाच खोललं जातं. वरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात: रेडिएटर अर्धा रिकामा, गरम गोडसर वास आणि पोटऱ्यांना भाजणारं इंजिन.

हे सगळं पाण्याने थंड होणाऱ्या मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो गाड्यांबद्दल आहे, म्हणजे वायझेड, केएक्स, सीआरएफ-आर, केटीएमच्या एसएक्स आणि ईएक्ससी वगैरे. एक्सपल्स २०० वर असतो तो ऑइल कूलर, तिथे कूलंटचा प्रश्नच येत नाही.

ओव्हरफ्लोला गळती समजणे

अस्सल मोटोक्रॉस गाडीला बहुधा पंखा नसतो, ओव्हरफ्लोची टाकीही नसते. रेडिएटरला वारा लागतो तो गाडी पळते तेव्हाच. स्टँडवर दहा-पंधरा मिनिटं रेस देत गरम केली, किंवा चढाच्या वाटेवर हाफ क्लचवर रखडत नेली, की दाब कॅपच्या मर्यादेबाहेर जातो, कॅप उघडते आणि पाइपातून कूलंट थेट मातीत. यात काहीही बिघडलेलं नसतं.

शहानिशा सोपी आहे. थंड गाडीत पातळी नीट करा, मोकळ्या ट्रॅकवर एक सेशन पळवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मग कॅप उघडा. पातळी जागेवर असेल तर इंजिनाला हात लावू नका. तशा वेगातही पाणी घटत असेल तर मात्र पुढे वाचा. आणि पातळी म्हणजे काठोकाठ नव्हे. केटीएमच्या मॅन्युअलमध्ये रेडिएटरच्या जाळीच्या वर १० मिमी असं सांगितलेलं असतं. बाकीच्यांनी आपापलं मॅन्युअल बघावं. जास्त भरलेलं कूलंट तापून फुगतं आणि बाहेर पडतं. मग माणूस पुन्हा काठोकाठ भरतो, गाडी पुन्हा ओकते, आणि गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं सील) गेल्याची बोंब होते.

जास्त दाबाची कॅप लावून मोकळं होणे

जपानी गाड्यांची कॅप साधारण १.१ बारची असते. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२१ अंशांपर्यंत उकळत नाही; कूलंट मिसळल्यावर आणखी थोडी सवलत मिळते. म्हणून लोक १.८ किंवा २ बारची कॅप आणतात. हळू वाटांवर चालणाऱ्या निरोगी गाडीला तिचा उपयोग होतो, हे खरं. पण कारण न शोधता लावली तर दाब जाऊन पडतो जुन्या होजवर (रबरी नळीवर) आणि पंपाच्या सीलवर. माझं मत विचाराल तर आधी मूळ दाबाचीच नवी कॅप लावावी. जुन्या कॅपच्या रबरावर खोल वळ पडलाय का, मधला छोटा व्हॉल्व्ह हलतोय का, रेडिएटरच्या गळ्याची कड गाडी पडल्यामुळे वाकली आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

पंपाचं पाप हेड गॅस्केटच्या माथी मारणे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, वीप होल. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक ऑइलच्या, आणि भोक या दोघांच्या मधून निघतं. तिथून कूलंट ठिबकलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलचं. हे भोक चिखलाने बुजलेलं असेल तर गळणारं पाणी बाहेर येण्याऐवजी ऑइलमध्ये शिरू शकतं. काही महाभाग तर गळती थांबवायला त्यात एमसील भरतात!

ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर गाडी कोणती ते आधी बघा. टू-स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं, त्यामुळे ते दुधाळ म्हणजे संशय थेट पंपाच्या सीलवर. हेड खोलायचं कारण नाही. फोर-स्ट्रोकमध्ये पंप आणि हेड गॅस्केट दोघंही संशयित. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारल्या तर ऑइलच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही पिवळट साय धरते. गाडी चांगली तापवून पळवा, पुसा, पुन्हा बघा.

हेड गॅस्केट किंवा हेडचं ओ-रिंग खरंच गेलं असेल तर खुणा वेगळ्या असतात. गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. स्पार्क प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. आणि माझ्या आवडीची खूण: थंड इंजिन, कॅप घट्ट, गाडी सुरू करून वरचा होज मुठीत धरा. निरोगी गाडीत तो तापत जाईल तसा हळूहळू ताठ होतो. रेडिएटर अजून हाताला गारच आहे आणि होज मात्र टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. खात्री करायची असेल तर पिस्टन टॉपला आणून लीक-डाउन टेस्टरने (सिलिंडरची गळती मोजणारं उपकरण) सिलिंडरमध्ये हवा भरा. कॅप उघडी ठेवून रेडिएटरच्या गळ्यात बघा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड उतरवा.

उतरवलं की नुसतं नवं गॅस्केट टाकून बसवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्या) हेड वाकलंय का मोजा. किती वाक चालतो ती मर्यादा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. त्यापुढे असेल तर फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं) करून घ्या, आणि बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या क्रमानेच आवळा.

पंपाचं काम निघालं तर शाफ्टवरून नख फिरवून बघा. सील बसतं तिथे नखाला खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही, शाफ्ट बदला. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर बेअरिंगही बदला. प्लॅस्टिकचा इंपेलर (पाणी ढकलणारं पातं) जास्त तापल्यावर शाफ्टवर सैल झालेला नाही ना, हेही पाहा. तसं झालं तर शाफ्ट फिरतो आणि पाणी जागचं हलत नाही.

बोअरचं पाणी आणि रंग बघून कूलंट

बोअरच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटरच वापरा, किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या. अॅल्युमिनियम इंजिनाला चालणारं, शक्यतो सिलिकेट नसलेलं. सिलिकेटमुळे पंपाचं सील झिजतं. हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग आहे, जात नव्हे. दोन जातींची मिसळ झाली तर गाळ धरू शकतो. गळती बुजवणारी पावडर टाकायचा मोह होतो, पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही.

चिखल आणि प्रेशर वॉशर

कोकणातली लाल माती जाळीत वाळली की वारा आरपार जातच नाही. ती काढायला वॉशरची धार जवळून मारली तर पातळ पत्र्या आडव्या पडतात. साध्या नळीने, मागून पुढे धुवा. एका बाजूचा रेडिएटर पडून चेपला असेल तर तोही तापण्याचं कारण असू शकतो.

पंखा असलेल्या गाडीत आधी फ्यूज बघा, मग पंख्याला थेट बॅटरी देऊन बघा. थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्यापेक्षा गरम पाण्यात बुडवून उघडतो का तपासा. टू-स्ट्रोकचं जेटिंग लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल तर कूलंटला दोष देऊन उपयोग नाही.

तापलेल्या गाडीची कॅप उघडायची नाही आणि गरम हेडवर थंड पाणी ओतायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही दर मोसमात कुणीतरी हात भाजून घेतोच.

भरताना अडकलेली हवा काढा. ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून, नसेल तर पुढचं चाक उंच धरून आणि गाडी दोन्ही बाजूंना झुकवून. थोडी चालवा, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी पातळी बोटभर उतरलेली दिसली तर घाबरू नका, ती निघून गेलेल्या हवेची जागा आहे. भरा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बघा. तेव्हाही उतरली असेल तर होज मुठीत धरण्यापासून तपासणी सुरू करा.