लॉगिन होताच फोल्डर आपोआप उघडतंय? सपोर्टमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

‘लॉगिन केलं की एक फोल्डर आपोआप उघडतं.’ डेस्कटॉप सपोर्टमध्ये नवीन माणसाच्या गळ्यात हमखास पडणारी ही तक्रार. सीनियरच्या लेखी ती तक्रारच नसते. खिडकी बंद करा आणि कामाला लागा. पण युजरला ती खिडकी रोज दिसते, आणि रोज त्याचा तुमच्यावरचा विश्वास थोडा उडतो. या प्रकाराने मला भरपूर छळलंय. आजही तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, ‘आपोआप’ हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो.

टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब तुम्हाला माहीत असणार, हे धरून चालतो. रनच्या खिडकीत शेल कोलन स्टार्टअप टाइप करून उघडणारं फोल्डर आणि सगळ्या युजरसाठीचं शेल कोलन कॉमन स्टार्टअप, हेही. तिथे नको तो शॉर्टकट सापडला तर काढा, विषय संपला. मग फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमधलं ‘रिस्टोअर प्रीव्हियस फोल्डर विंडोज अ‍ॅट लॉगऑन’ बघा. तिथे टिक असेल तर आदल्या वेळी उघडी राहिलेली फोल्डरं विंडोज इमानेइतबारे परत उघडतं, त्यात बिघाड काहीच नाही. फोल्डरऐवजी प्रोग्राम परत उघडत असतील तर विंडोज १० आणि ११ मध्ये साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘रिस्टार्टेबल अ‍ॅप्स’चा स्विच आहे, तो बंद करा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्यांमध्ये एक अशी असते, जिने मला पार अडकवलं होतं. तिच्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

स्टार्टअप टॅबमध्ये कधीकधी नुसत्या ‘प्रोग्राम’ नावाची एक एंट्री दिसते. आयकॉन कोरा, पब्लिशरच्या कॉलममध्ये काहीच नाही. नवीन माणूस लगेच म्हणतो, व्हायरस. मग फुल स्कॅन, मग दुसऱ्या अँटिव्हायरसचा फुल स्कॅन, आणि दिवस गेला. त्याऐवजी कॉलमच्या मथळ्यावर राइट क्लिक करा आणि ‘कमांड लाइन’ हा कॉलम चालू करा. आता विंडोजला नेमकी कोणती ओळ चालवायला सांगितलीय ते पूर्ण दिसतं. ती ओळ अक्षर न अक्षर वाचा. बघायचं एवढंच, की पाथच्या, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्याच्या, दोन्ही टोकांना डबल कोट्स आहेत का.

समजा पाथ असा आहे: सी ड्राइव्ह, त्यात प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात कंपनीचं फोल्डर आणि शेवटी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल. या पाथमध्ये निदान दोन स्पेस आहेत. डबल कोट्स असतील तर विंडोज सगळा पाथ एकसंध धरतं. नसतील तर ते पहिल्या स्पेसपाशी थबकतं आणि शोधतं, सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम’ नावाचं काही आहे का? नाही. मग दुसऱ्या स्पेसपर्यंत जातं: प्रोग्राम फाइल्सच्या आत ‘कॉमन’ आहे का? तेही नाही. असं पुढे सरकत शेवटी खरी फाइल सापडते आणि सगळं सुरळीत चालतं.

गोम इथेच आहे. सदोष ओळ वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. मग एखाद्या दिवशी भलताच प्रोग्राम इन्स्टॉल होतो आणि तो प्रोग्राम फाइल्समध्ये ‘कॉमन’ नावाचं फोल्डर तयार करतो. आता दुसऱ्या स्पेसपाशी विंडोजला उत्तर मिळतं, हो, आहे. ते फोल्डर उघडून दाखवतं आणि खरा प्रोग्राम चालूच होत नाही. युजर शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही, आणि तो खरं बोलत असतो. तुम्ही मात्र नव्याने आलेल्या प्रोग्रामच्या मागे लागता. तो अनइन्स्टॉल केला तर फोल्डर जातं, त्रास थांबतो, आणि आपण बरोबर आहोत असा गैरसमज घट्ट होतो. दोषी ओळ तिथेच असते.

युजरच्या प्रोफाइल फोल्डरच्या नावात स्पेस असेल आणि त्याच पहिल्या नावाचं दुसरं प्रोफाइल त्या मशीनवर असेल, तर हाच खेळ युजर्स फोल्डरमध्ये होतो.

दुरुस्ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं तिथे. एचकी करंट युजर आणि एचकी लोकल मशीन, दोन्हींमध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन. ही रन की, म्हणजे लॉगिनला चालवायच्या ओळींचा कप्पा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामांची रन की वेगळी असते, वॉव ६४३२ नोडच्या खाली. तिकडे बघायला लोक विसरतात. बदल करण्याआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. सांगून ठेवतो, ही पायरी टाळणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही. मग पाथला डबल कोट्स घाला, पण फक्त ईएक्सईपर्यंत. पुढे स्लॅश मिनिमाइझसारखा स्विच, म्हणजे प्रोग्रामला दिलेली जादा सूचना, असेल तर तो कोट्सच्या बाहेर राहिला पाहिजे. आख्ख्या ओळीला कोट्स घातले तर विंडोज त्या लांबलचक नावाची फाइल शोधत बसेल. तपासायला दर वेळी रिस्टार्टची गरज नाही, साइन आउट करून परत साइन इन केलं तरी रन की पुन्हा वाचली जाते.

टास्क मॅनेजरमध्ये डिसेबल केलं की झालं, असं म्हणणारे भेटतील. डिसेबल केल्याने ओळ जात नाही, ती रजिस्ट्रीत जशीच्या तशी राहते, चालवायची नाही एवढी नोंद वेगळीकडे होते. प्रोग्राम युजरला नकोच असेल तर तेवढं पुरे. हवा असेल तर तुम्ही त्याचा प्रोग्राम बंद पाडलात.

रजिस्ट्री क्लीनर नावाच्या प्रकाराला हात लावू नका. तो शेकडो ‘एरर’ दाखवतो आणि हवी ती एक ओळ सोडून बाकी सगळ्यावर झाडू फिरवतो. ‘फॉरमॅट मार’ म्हणणाऱ्या सीनियरबद्दलही माझं मत फार वेगळं नाही. हातातला माउस काढून घेणाऱ्यापेक्षा शेजारी बसून ‘ही ओळ वाच’ म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका.

साधन हवंच असेल तर ऑटोरन्स, आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारा प्रोग्राम. सिसइंटर्नल्सचं आहे, ती कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतली, त्यामुळे ऑफिसात परवानगी मागणंही सोपं जातं. आधी ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ चालू करा, म्हणजे यादी आवाक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे जिची फाइलच जागेवर नाही अशी एंट्री, बहुधा अनइन्स्टॉलनंतर मागे राहिलेली. डिलीट करू नका, टिक काढा. चुकलं तर परत लावता येते. लॉगिननंतर काळी खिडकी चमकून जात असेल तर शेड्यूल्ड टास्क्सचा टॅब बघा.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं तेव्हा, रन की वाचल्याच जात नाहीत. तिथेही डॉक्युमेंट्स फोल्डर उघडत असेल तर संशय विनलॉगऑनवर, म्हणजे लॉगिनची सेटिंग्ज ठेवणाऱ्या रजिस्ट्रीतल्या कीवर. तिथे शेलची व्हॅल्यू एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढीच हवी. युझरइनिटमध्ये सिस्टिम ३२ मधल्या युझरइनिट डॉट ईएक्सईचा पाथ आणि शेवटी स्वल्पविराम असतो. त्यामागे आणखी काही चिकटलेलं दिसलं तर मालवेअरची शक्यता धरा आणि एकट्याने पुढे जाऊ नका. युझरइनिटची व्हॅल्यू बिघडली तर युजर लॉगिन होतो आणि लगेच लॉगऑफ होतो, परत लॉगिन, परत लॉगऑफ. मशीनमध्ये शिरायलाच वाट राहत नाही. घाबरवत नाहीये, नव्वद टक्के वेळा तुम्हाला इथपर्यंत यावंच लागणार नाही, आणि रन कीमधला कुठलाही घोळ एक्स्पोर्ट केलेल्या फाइलने दोन मिनिटांत निस्तरता येतो.

तिकीट बंद करताना जुनी ओळ आणि नवी ओळ, दोन्ही त्यात पेस्ट करा. काही प्रोग्राम अपडेट झाले की आपली ओळ पुन्हा बिनकोट्सची लिहून ठेवतात, आणि ते तिकीट तेव्हा दुसऱ्याच कुणाकडे गेलेलं असतं.