किचन चिमणी धूर ओढत नाही? मोटर बदलण्याआधी हे तपासा

सुरमई तळायला टाकली की दोन दिवस हॉलच्या पडद्यांना वास येतो आणि डोक्यावर चिमणी तर जोरात घरघरत असते. अशा वेळी मेकॅनिक येऊन सरळ "मोटर गेली" म्हणतो. मोटर फिरतेय आणि आवाज नेहमीचाच आहे, तर त्याचं ऐकू नका. दहापैकी नऊ वेळा बिघाड हवेच्या वाटेत असतो.

फिल्टर गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा, घासा, पूर्ण वाळवा. स्टीलच्या बॅफल फिल्टरला, म्हणजे जाळीऐवजी वळवलेल्या पट्ट्या असलेल्या फिल्टरला, हे चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला सोडा किंवा कॉस्टिक लावू नका, ती काळी पडते. तिला भांड्यांचा साबण पुरे. शेगडीपासून चिमणीची उंची २६ ते ३० इंच असावी.

आता खरी गोष्ट. चिमणी हवा बाहेर फेकते, म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. हे मला कळायला दोन पावसाळे लागले. आमचं मुलुंडचं स्वयंपाकघर आठ बाय आठ, उंची नऊ फूट. म्हणजे जेमतेम १६ घनमीटर हवा. चिमणीच्या खोक्यावर तासाला १,२०० घनमीटर लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला २०. तो आकडा खरा धरला तर माझ्या स्वयंपाकघरातली सगळी हवा एका मिनिटाच्या आत संपली! पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद, वास हॉलमध्ये नको म्हणून दारही बंद. हवा येणार कुठून? मी फिल्टर पुन्हा पुन्हा धुतले, नवा पाईप बसवला, काही फरक नाही. एकदा बोंबील तळताना सासूबाई पाणी घ्यायला आल्या, तर दार त्यांना ओढता ओढेना. ते उघडलं आणि चिमणीखाली तरंगत राहिलेला धूर एकदम सरळ वर गेला.

तुम्ही हेच उदबत्ती लावून बघा. गॅस बंद ठेवा, चिमणी पूर्ण वेगात लावा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि उदबत्ती फिल्टरखाली धरा. मग दार उघडा. धुराची रेघ आता तडक वर गेली, तर चिमणी ठणठणीत आहे.

मात्र शेगडीला लागून असलेली खिडकी उघडू नका. ती झुळूक धूर चिमणीपर्यंत पोचण्याआधीच खोलीभर पसरवते. लांबची, हॉलची किंवा बेडरूमची खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि स्वयंपाकघराचं दार किलकिलं. पंखा बंद. डक्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या, शेजारीच एक्झॉस्ट फॅनचं भोक असेल तर ते झाका, नाहीतर बाहेर गेलेला धूर तिथूनच परत आत येतो.

घरात गॅस गिझर असेल तर हे फार गांभीर्याने घ्या. बंद घरात चिमणी हवा ओढत असताना गिझरमधला जळका वायू बाहेर जाण्याऐवजी घरात येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. गिझर चालू असताना खिडक्या बंद ठेवून चिमणी लावूच नका.

हवा येऊनही ओढ नसेल तर डक्टकडे वळा. चिमणीचं तोंड सहा इंचांचं असताना चार इंचांचा पाईप जोडून देणारे कमी नाहीत, आणि त्यात वाट निम्म्याहूनही कमी उरते. घडीचा पाईप पूर्ण ताणून बसवा आणि जास्तीचा कापून टाका. छताखाली गुंडाळी करून ठेवू नका. वळणं दोनच्या वर नकोत. पाईप काढलाच आहे तर चिमणीच्या तोंडाशी असलेली झडप बोटाने उचलून बघा. तेलाने ती चिकटते, आणि नव्या चिमणीत तिच्यावरची चिकटपट्टी काढायची राहून गेलेलीही मी पाहिली आहे.

शेवटी बाहेरचं तोंड. कबुतराचं घरटं असतं किंवा कोणीतरी डासांची जाळी लावलेली असते. ती तेलाने महिन्याभरात बुजते, काढून टाका. तोंड पश्चिमेला असेल तर पावसाळी वारा धूर आत ढकलतो, तिथे खाली तोंड असलेलं झाकण बसवून घ्या. हे काम वरच्या मजल्यावर खिडकीतून वाकून स्वतः करू नका, सेफ्टी बेल्ट लावणारा माणूस बोलवा.