इलेक्ट्रिक एसयूव्ही बुक करण्याआधी मीटरपाशी जाऊन या

मी दारव्हा तालुक्यात वायरमन आहे. घरांची वायरिंग, पंपांचे स्टार्टर, हेच काम. हल्ली शोरूमला अजून न आलेल्या गाड्यांचे प्रश्नही माझ्याकडेच येतात. पहिला ठरलेला असतो, "भाऊ, चार्जिंगले येगळं मीटर लागते काय?"

नाही लागत. घरच्याच मीटरवर चालते. 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा पोर्टेबल चार्जर साधारण 3.3 किलोवॅट ओढतो. 45 युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर भरायला चौदा-पंधरा तास लागतात, हे ऐकूनच लोक हबकतात. पण रोज रिकामी करतो कोण? एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरा. पन्नास किलोमीटर फिरून आलात तर तीन तासांत भरपाई. म्हणून 7.2 किलोवॅटच्या वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवर बसवायच्या मोठ्या चार्जरची, घाई करू नका. त्याला 32 अँपिअर लागतात, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते आणि बहुतेक घरांना महावितरणकडून मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढता येईल ती मर्यादा) वाढवून घ्यावा लागतो.

खरी अडचण अर्थिंगची. आपली काळी कापसाची जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती पाइपापासून सुटते. पावसाळ्यात बरी वाटणारी अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. फ्रिज, कूलर तक्रार करत नाहीत. गाडीचा चार्जर करतो, लाल दिवा दाखवून चार्जिंगच घेत नाही. मग कोणीतरी हुशार मिस्त्री सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा होतो, मालक खूश. उद्या पोलवर न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात करंट, आणि अंगणात पोरं खेळतात. असा जोड कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

करायचे ते असे. गाडी जिथे उभी राहील तिथपर्यंत मेन स्विचपासून वेगळी लाइन ओढा, तांब्याची, 4 चौरस मिलिमीटरची. तिला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) लावा. अर्थिंगचा खड्डा नवीन घ्या आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या, 5 ओहमच्या खाली आली पाहिजे. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी टाकत राहा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. इतका करंट तासन् तास वाहिला की त्याची पिन वितळते.

व्होल्टेजही पाहा, आणि तेही मे महिन्यात, रात्री आठला, सगळ्या गावाचे कूलर चालू असताना. 230 च्या जागी 180 व्होल्टच्या आसपास येत असेल तर चार्जर रेंगाळेल किंवा बंद पडेल. अशा गावात चार्जिंग अकरानंतर लावायचे. आणि लाइन गेली तर? आली की बहुतेक चार्जर आपोआप सुरू होतात, तरी शोरूममध्ये विचारून घ्या.

"पंपाचं बिल तर माफ हाय, मंग त्याच्यावरच लावू ना!" हा प्रश्न हसत विचारतात, पण गंमत नसते. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे म्हणजे वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर, आकारणी दुप्पट दराने. त्यात शेतीची लाइन पाळीने येते. घरच्या बिलात महिन्याला दोन-अडीचशे युनिट वाढतील आणि 100 च्या वर, पुन्हा 300 च्या वर दर चढतो. छत रिकामे असेल तर सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे.

रेंजचे, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर धावेल त्याचे, आकडे चाचणीतले असतात. मी त्यातून तिसरा हिस्सा वजा करतो. 450 सांगितले तर 300 धरा. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. म्हणजे कागदावर जाऊन-येऊन होते, पण 45 अंशाच्या उन्हात एसी लावून चार माणसे बसवली की शेवटचे वीस किलोमीटर जीव टांगणीला. नागपुरात सीसीएस 2 चा (इलेक्ट्रिक कारच्या फास्ट चार्जिंगचा प्लग) फास्ट चार्जर गाठून तासभर लावा. समृद्धीवर 120 ने पळवाल तर रेंज आणखी घटेल.

टोकन देण्याआधी विचारा: बॅटरी लिक्विड-कूल्ड, म्हणजे आत द्रव फिरवून थंड ठेवलेली, आहे का? वॉरंटी फक्त पहिल्या मालकापुरती आहे का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देतात? टोकन परत मिळते का? बॅटरी तळाशी असते, तेव्हा माणसे भरल्यावरचा ग्राउंड क्लिअरन्स विचारा. पांदणीच्या चाकोरीत मधला उंचवटा तिथेच घासतो.

शेवटी डिक्की उघडायला लावा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर किट असते. बाभळीचा काटा त्यात निभेल, फाटलेला टायर निभणार नाही. स्टेपनी वेगळी मिळत असेल तर तिची किंमत त्याच दिवशी कोटेशनमध्ये लिहून घ्या.