गोल्फ क्लबची फेरूल बदलताना आधी व्हर्निअर हातात घ्या

आमचं लेथचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ऑइल इंजिन आणि पंपांचे सुटे भाग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी ताराबाई पार्कातले एक काका वडिलांच्या वेळचा आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या गोल्फ क्लबचा, सेट घेऊन आले. सात नंबरच्या क्लबवरची काळी कडी चिरली होती. "एवढी एक कडी करून द्या की," म्हणाले. तो क्लब त्यांनी ज्या मायेनं बाकावर ठेवला, ते बघून मी काम घेतलं. तेव्हापासून असे बरेच क्लब हाताखालून गेले.

शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी, हेड म्हणजे चेंडूला लागणारं डोकं. शाफ्ट हेडच्या नळीत, म्हणजे होझलमध्ये, जिथं शिरतो तिथली प्लास्टिकची काळी निमुळती कडी म्हणजे फेरूल. खुरप्याच्या मुठीवरची लोखंडी कडी लाकूड फुटू नये म्हणून जोर सोसते. फेरूल तसा जोर सोसत नाही. हेड धरून ठेवतं ते आतलं इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा गोंद. जाड होझल आणि बारीक शाफ्ट यांच्यात जी पायरी पडते ती फेरूल झाकते आणि शाफ्टपासून हेडपर्यंत एक सलग रेषा देते. म्हणून फेरूल चिरली तर क्लब लगेच मोडणार नाही. पण फेरूल आणि होझलमध्ये फट दिसली, तर आधी हेड सैल झालंय का ते तपासा. हेड सरकत असेल तर तो क्लब फिरवू नका, हेड उडून समोरच्याला लागेल.

आता माप. बहुतेक लोक इथंच फसतात, "आयर्नची फेरूल" एवढंच सांगून मागवतात. आयर्नच्या शाफ्टचं टोक दोन मापांत येतं: ०.३५५ इंच, म्हणजे ९.०२ मिमी, आणि ०.३७० इंच, म्हणजे ९.४० मिमी. पहिलं निमुळतं, दुसरं सरळ. ओळखायचं कसं? टोक साफ करा, अगदी कडेला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) लावा, मग इंचभर वर लावा. वरचं माप वाढलं तर टोक निमुळतं, तेच राहिलं तर सरळ. ड्रायव्हर आणि वुड, म्हणजे लांब फटक्याचे मोठ्या डोक्याचे क्लब, यांना ०.३३५ किंवा ०.३५० इंच लागतं. ज्या ड्रायव्हरचं हेड स्क्रूनं निघतं, त्याची फेरूल त्याच्या अ‍ॅडॅप्टरच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाला चिकटवलेल्या नळीच्या, मापाची घ्या. दुसरं माप होझलच्या तोंडाच्या बाहेरच्या व्यासाचं, आयर्नमध्ये ते साडेतेरा मिमीच्या आसपास असतं. फेरूल त्याच व्यासाची किंवा केसभर मोठी घ्या. मोठी असली तर घासून उतरवता येते, लहान निघाली तर काही करता येत नाही.

हेड काढताना स्टीलच्या शाफ्टला हीट गननं होझल तापवा, इपॉक्सी सुटलं की हेड पिळून निघतं. ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा, शाफ्ट असेल तर उष्णता बेताची द्या आणि हेड सरळ ओढा. पिळलंत की आतले धागे तुटतात आणि शाफ्ट कायमचा जातो. जुनी फेरूल गरम करून कटरनं उभी चिरा, पातं हातापासून लांब चालवा. मग होझल तारेच्या ब्रशनं आतून साफ करा. स्टीलचं टोक ८० नंबरच्या एमरीनं (घासायच्या खरखरीत कापडानं) खरबरीत करा. ग्रॅफाइटवर फक्त जुनं इपॉक्सी आणि रंग निघेपर्यंत हलक्या हातानं.

व्हर्निअरच्या मागच्या दांडीनं होझलची खोली मोजा आणि तेवढ्याच अंतरावर शाफ्टवर खूण करा. फेरूल दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवली की नरम होते. पातळ बाजू ग्रिपकडे. शाफ्टवर फेरूल जिथं बसणार तिथं इपॉक्सीचा पातळ हात द्या, मग ती सरकवा, पण खुणेच्या तीनएक मिमी अलीकडे थांबवा. उरलेलं अंतर हेडनं तिला ढकलत न्यायचं, म्हणजे फट राहत नाही.

हा इपॉक्सीचा हात मी एकदा दिला नव्हता. जुलैत पाऊस लागून राहिला होता, गिऱ्हाईकाला घाई होती, म्हणून जोड हीट गननं सुकवला. आत अडकलेली हवा तापून फुगली आणि फेरूल मिलिमीटरभर वर सरकली. ते काम मी पैसे न घेता पुन्हा केलं. आता काही झालं तरी चोवीस तास क्लब कोपऱ्यात हेडवर उभा ठेवतो आणि मगच हात लावतो.

शेवटी घासणं. हेडमुळे शाफ्ट लेथवर नीट फिरत नाही, म्हणून होझलवर मास्किंग टेप गुंडाळा आणि एमरीची पट्टी बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी ओढा. अडीचशेच्या आसपासच्या नंबरनं सुरू करून सहाशेपर्यंत या. डोळे मिटून जोडावरून नख फिरवा. अडकलं तर अजून काम बाकी आहे. काकांच्या क्लबला मला याच कामाला तासभर लागला होता.

मग हीट गन बंद करून, खिडकी उघडून अ‍ॅसिटोन घ्या, ते पटकन पेट घेतं. कापडाला जरासं लावून फेरूलभोवती एकदाच, न थांबता फिरवा. वरचा थर विरघळून काळी झळाळी येते. थांबलात तर तिथं बोटाचा ठसा उमटतो. ग्रॅफाइट शाफ्टचा रंग अ‍ॅसिटोननं निघतो, तो टेपनं झाका. फेरूलवर रंगीत रेघा असतील तर कापड फक्त रेघेच्या दिशेनं न्या, उभं फिरवलंत की लाल रंग काळ्यात उतरतो.