डायल-अप मोडेमवर चालेल असे लिनक्स कसे निवडावे

डायल-अपसाठी, म्हणजे टेलिफोनच्या लाईनवरून इंटरनेट घेण्यासाठी, लिनक्स निवडायला बसलेला माणूस बहुधा डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांच्या, नावांची तुलना करू लागतो आणि मोडेमकडे सगळ्यांत शेवटी पाहतो. हा क्रम उलटा हवा. त्याहीआधी टेलिफोनची लाईन पाहावी, कारण ती तांब्याच्या तारेची असेल तरच पुढच्या खटपटीला अर्थ आहे. फायबरवर गेलेल्या लँडलाईनवर आवाज डिजिटल पाकिटांतून जातो आणि मोडेमचा सूर त्यात बऱ्याचदा तुटतो.

सीरियल केबलने जोडायचा, स्वतःचा ॲडाप्टर असलेला बाहेरचा मोडेम असेल, तर जवळपास कोणतेही लिनक्स चालते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दृष्टीने तो केवळ सीरियल पोर्टवरचा एक संच असतो आणि विंडोजमधला कॉम-१ येथे टीटीवायएस० या नावाने दिसतो. यूएसबी मोडेम लावल्यावर टीटीवायएसीएम० हे नाव आपोआप उमटले, तर तिथेही ड्रायव्हर शोधावा लागत नाही. खरा त्रास संगणकाच्या पोटातल्या पीसीआय कार्डाचा. त्यांतील बहुतेक कार्डे विनमोडेम असतात, म्हणजे मोडेमचे निम्मेअधिक काम ती मुख्य प्रोसेसरवर ढकलतात आणि ते करून घेणारा ड्रायव्हर मुळात विंडोजसाठीच लिहिलेला असतो. एलएसपीसीआय ही आज्ञा देऊन चिपचे नाव पाहावे. ल्युसेंट किंवा एजिअर, स्मार्टलिंक आणि कोनेक्संट यांच्या काही चिपांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर निघाले होते, पण ते कर्नलच्या आवृत्तीशी बांधलेले असतात. कोनेक्संटसाठी लिनुक्संट या कंपनीने दिलेला ड्रायव्हर तर फुकट घेतल्यास १४.४ केबीपीएसच्या पुढे जात नसे. अशा कार्डापायी रात्री जागवण्यापेक्षा नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर जुन्या संगणकांचे सामान ठेवणाऱ्यांकडे बाहेरच्या मोडेमची चौकशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोडेम ठरला की डिस्ट्रोला एकच प्रश्न विचारायचा: फोन लावण्यासाठी लागणारे सगळे त्याच्या डिस्कवर आहे का? ५६ केबीपीएसचा मोडेम उत्तम लाईनवरही सेकंदाला साधारण ५ किलोबाइट उतरवतो, म्हणजे ७०० मेगाबाइटच्या सीडीला जवळजवळ ३९ तास लागतात. मी एकदा आकाराने लहान म्हणून नेटइन्स्टॉल सीडी, म्हणजे बाकीची पॅकेजे इंटरनेटवरून मागवणारी सीडी, घेऊन त्र्यंबकेश्वरला गेलो. प्रणाली बसली, पण फोनच्या लाईनवर इंटरनेटची जोडणी करणाऱ्या पीपीपीचे पॅकेज इंटरनेटवर आणि इंटरनेट पीपीपीच्या पलीकडे, अशा पेचात सापडून दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा नाशिक गाठावे लागले.

म्हणून डेबियन घ्यायचे तर डीव्हीडी घ्यावी, आणि पीपीपी व फोन लावून देणारा डब्ल्यूव्हीडायल ही पॅकेजे, त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, निघण्यापूर्वीच पेनड्राइव्हवर ठेवावीत. जुना ३२-बिट प्रोसेसर असेल तर डेबियन १३ चा नाद सोडावा, कारण त्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी त्याचा इन्स्टॉलरच नाही. अशा यंत्रावर अँटीएक्स या हलक्या डिस्ट्रोची ३२-बिट आवृत्ती सोयीची पडते. पपी लिनक्स आकाराने लहान असून थेट सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालते, त्यामुळे हार्डडिस्कला हात न लावता मोडेम ओळखला जातो की नाही ते पाहता येते. निवडीत घाई करायची नसेल तर मी पहिली चाचणी याच्यावर घेईन. विनमोडेमचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करण्याखेरीज, म्हणजे सोर्सवरून तयार करण्याखेरीज, गत्यंतर नसेल, तर स्लॅकवेअर पूर्ण बसवावे. पीपीपी, कंपायलर आणि कर्नलचा सोर्स हे तिन्ही त्यात एकत्र मिळतात. मोठ्या डेस्कटॉपवाल्या डिस्ट्रो अपडेटच्या नावाखाली शेकडो मेगाबाइट मागतात, म्हणून त्या घेतल्याच तर स्वयंचलित अपडेट पहिल्याच दिवशी बंद करावे.

बसवून झाल्यावर आपल्या वापरकर्त्याला मोडेम वापरण्याची परवानगी देणाऱ्या डायलआउट गटात घालावे, मग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ चालवावे. ते मोडेम शोधून संरचनेची फाइल लिहिते. फोन क्रमांक, नाव आणि पासवर्ड तेवढे आपण भरायचे. फोन लागतो, मोडेम किंचाळून शांत होतो आणि तरीही प्रणाली लॉगिनच्या ओळीची वाट पाहत बसते, असे झाल्यास फाइलमध्ये स्टुपिड मोड १ करावा, म्हणजे जोडणी होताच पीपीपी सुरू होते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात ईपीएबीएक्समधून, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजमधून, बाहेरची लाईन घ्यावी लागत असेल, तर क्रमांकाआधी शून्य आणि स्वल्पविराम लिहावा. एका स्वल्पविरामाला मोडेम सहसा २ सेकंद थांबतो. ‘नो डायलटोन’ असा निरोप आला तर एटीएक्स३ ही आज्ञा सुरुवातीच्या ओळीत घालावी, म्हणजे मोडेम एक्सचेंजच्या सुराची वाट न पाहता क्रमांक फिरवतो. शेवटी पडद्यावर स्थानिक आयपी पत्ता उमटला पण संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष मोडेमचा नसतो. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता आहे का, ते पाहावे.